व्हॅनकाका

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. वय ४१. घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. दीड वर्षापूर्वी ऐरोलीच्या एका मैत्रिणीशी माझं जुळलं आणि दिवाळीनंतर लग्न करायचं आमचं ठरतंय. तिला दोन मुलं आहेत. थोरली १३ वर्षांची, धाकटा ८ वर्षांचा. त्यांचे बाबा खारघरला असतात. दर दुसऱ्या रविवारी मुलं त्यांच्याकडे जातात.

मुलांशी गट्टी जमावी म्हणून होळीला जोडून आलेल्या सुट्टीत मी सगळ्यांना कोकणात वेळासला समुद्री कासवांची पिल्लं दाखवायला नेलं. तयारीत कसर ठेवली नव्हती. तासातासाचं वेळापत्रक करून लॅमिनेट केलं. धाकट्याला नवा टॅब घेतला, थोरलीला हेडफोन. पहाटे निघालो. थोरली येऊन पुढच्या सीटवर बसली, आई मागे. माझी गाणी तिने तुर्भं यायच्या आत बंद केली. तिची आई मागून दर दहा मिनिटांनी, ‘बघा, काका किती छान चालवतात!’ दोघांपैकी कुणीही बघितलं नाही.

कर्नाळ्याला, दोन सीटच्या मधून डोकं काढून उभा असलेला धाकटा एकदम ओरडला, ‘अंगठा!’ मला वाटलं दारात सापडला. ‘काय झालं अंगठ्याला?’ म्हणत मी करकचून ब्रेक मारला. मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नंतर कळलं की कर्नाळ्याच्या सुळक्याला ही मुलं अंगठा म्हणतात आणि तो ज्याला आधी दिसेल त्याला त्यांचे बाबा पाच रुपये देतात.

कोलाडच्या अलीकडे गाडीच्या स्पीकरमधून पुरुषाचा आवाज आला. थोरलीचा फोन ब्लूटूथला जोडलेला होता आणि सकाळपासून तिने बाबांना लाइव्ह लोकेशन पाठवलेलं होतं. ‘बाळा, सरळ जाऊ नका, पुढे माणगाव जाम आहे. साहेबांना सांग, कोलाडवरून डावीकडे विळ्याला वळा आणि निजामपूरवरून निघा.’ ताई, माझ्या गाडीत बसून मी तिच्या आधीच्या नवऱ्याकडून रस्ता ऐकायचा! नमस्कार केला, दोन-चार वाक्यं बोललो आणि मुकाट्याने वळलो. तेवढ्यात धाकटा झोपला, म्हणून पुढची चाळीस मिनिटं तरी बरी गेली.

उठल्यावर तो टॅब घेऊन बसला आणि म्हसळ्याच्या वळणांवर माझ्या नव्या सीट कव्हरवर सगळं बाहेर काढलं. मला तर वाटतं मुद्दामच. मी रागावलो तर म्हणाला, ‘तुम्ही माझे बाबा नाही.’ आई गप्प. वेळासला दोन दिवसांत एकही पिल्लू वाळूतून वर आलं नाही. थोरली म्हणाली, ‘यांनी कासवांनापण वेळापत्रक दिलं असेल.’

परत आल्यावर सोसायटीच्या गेटवर वॉचमनने विचारलं, हे कोण? धाकटा म्हणाला, ‘आमचे व्हॅनकाका.’

विमा कंपनीत मॅनेजर आहे मी, ताई. चुकलं कुठे? मे महिन्यात चौघांचं चार रात्रींचं केरळचं बुकिंग केलंय, पैसे परत मिळणार नाहीत. जाऊ का? लग्नानंतर शाळेच्या फॉर्मवर वडील म्हणून माझं नाव घालता येईल का?

ता. क. गाडीतला वास जात नाही. उपाय असल्यास कळवा.

— एक व्हॅनकाका, ठाणे

उत्तर

व्हॅनकाका,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिलं वाचन हसण्यातच गेलं, ‘काय झालं अंगठ्याला’पाशी चहा सांडला. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि एकाच वाक्याखाली रेघ मारली. ते वाक्य लिहून तुम्ही इतक्या घाईने पुढे गेलात की लिहिताना तुमच्याही लक्षात आलं नसावं : ‘तेवढ्यात धाकटा झोपला.’

का झोपला? पहाटे उठवलं होतं, असं म्हणाल. मग पनवेलला का नाही झोपला? पेणला, वडखळला, नागोठण्याला का नाही? एरवी मुलं गाडी सुरू झाली की माना टाकतात. हा पोरगा ऐरोलीपासून कोलाडपर्यंत टक्क जागा होता, उभा होता, पुढे बघत होता. तो पहाऱ्यावर होता हो. नवा माणूस गाडी चालवतोय, आई त्याचं कौतुक करतेय, त्याच्या ताईने बाबांशी संधान बांधलंय, अंगठा दिसलाय पण पाच रुपये देणारा गाडीत नाही. आठ वर्षांच्या डोक्यात एकच हिशेब चाललेला असतो : हा माणूस मला आवडला, तर बाबांचं काय?

आणि मग स्पीकरमधून खुद्द बाबाच बोलले. त्यांनी तुम्हाला ‘साहेब’ म्हटलं, तुम्ही ‘नमस्कार’ म्हणालात, आणि दोन मोठी माणसं विळे, निजामपूर, माणगाव अशी गावांची नावं घेत आवाज न चढवता बोलली. फोन बंद झाला. पोराची ड्यूटी संपली, तो झोपला.

तुम्ही याला अपमान म्हणता. मला विचाराल तर तुमच्या दोन-तीन दिवसांत मनासारखं घडलेलं एवढं एकच.

त्या गृहस्थांना तुम्ही जरा जास्तच कोसलंय, असंही वाटलं. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करायला २०११ मध्ये घेतला. तेव्हा तुमची थोरली जन्मलीही नव्हती. ती आता तेरा वर्षांची झाली तरी शिमग्याला माणगावात गाड्या उभ्याच. अशा रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी, आपल्या आधीच्या बायकोच्या होणाऱ्या नवऱ्याला माणगावात तीन तास शिजत ठेवणं किती सोपं होतं! नुसतं गप्प बसायचं. ते गप्प बसले नाहीत. गाडीत त्यांची मुलं होती म्हणून, हे खरंच. पण ‘त्या माणसाला सांग’ असंही म्हणता आलं असतं. ‘साहेबांना सांग’ म्हणाले. मुलं असले शब्द बरोब्बर टिपतात.

तशीच गोष्ट थोरलीच्या लाइव्ह लोकेशनची. तुम्ही ते हेरगिरीसारखं लिहिलंय. मला ती मुलगी शहाणी वाटली. तेरा वर्षांची पोर, ज्याला ती नीट ओळखत नाही अशा पुरुषाच्या गाडीतून अनोळखी गावी मुक्कामाला निघते आणि आपण कुठे आहोत हे बापाला कळत राहील अशी सोय करून ठेवते. हे आपण मुलींना शिकवतोच ना? मग तिने ते तुमच्याबाबतीत केलं म्हणून रुसायचं कशाला? पुढच्या वेळी निघताना तुम्हीच म्हणा, ‘बाबांना लोकेशन पाठवलंस का?’ ती तुमच्याकडे कशी बघते ते मला कळवा.

आता ओकारी. मुद्दाम? अहो, आठ वर्षांचं मूल सूड म्हणून डबा लपवेल, बुटात वाळू घालेल, पण पोट ढवळून सूड घेत नाही. गाडी लागण्याचं कारण साधं आहे. डोळे टॅबच्या स्थिर चित्रावर, आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र प्रत्येक वळण मोजतंय. डोळे म्हणतात आपण बसलोय, कान म्हणतात आपण डोलतोय. मेंदूचा गोंधळ उडतो आणि त्याची किंमत पोट चुकवतं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो. माणगावपासून साई, म्हसळा हा रस्ता म्हणजे नुसती वळणं, आणि त्यावर तुम्ही लाच म्हणून दिलेला टॅब त्याच्या हातात. तुमच्या सीट कव्हरचा गुन्हेगार टॅब आहे, आणि टॅब तुमचा आहे. पुढच्या वेळी वळणाच्या रस्त्यावर पडदा बंद, नजर लांबच्या डोंगरावर, काच बोटभर खाली. निघताना तेलकट खाणं नको, पण पोट रिकामंही नको. औषध द्यायचं असेल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी. पोट ढवळायला लागल्यावर दिलेली गोळी गोळीसकट बाहेर येते.

एका जागी मात्र माझं हसू थांबलं. धाकटा दोन सीटच्या मध्ये उभा होता आणि तुम्ही महामार्गावर करकचून ब्रेक मारलात. व्हॅनकाका, तो पुढच्या काचेवर आदळला असता. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४-ब हे कलम आलंय : १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची खास सीट नसेल तर १,००० रुपये दंड. तुमच्या गाडीत अशी दोन मुलं होती. विमा कंपनीतल्या माणसाला मी आणखी काय सांगू? मुलं नाराज होतील म्हणून तुम्ही ‘पट्टा लाव’ म्हटलं नसणार, इतकं मला पत्रावरून कळतं. लाड करण्याची जागा ती नव्हे.

‘तुम्ही माझे बाबा नाही’ हे वाक्य तुम्हाला लागलं. प्रत्येकाला लागतं, आणि ते लागावं म्हणूनच बोललेलं असतं. पण त्यात खोटं काय आहे? यावर एकच उत्तर चालतं, तेही न चिडता : ‘बरोबर आहे, नाही मी. तोंड धू, पाणी पी.’ तुम्ही रागावलात म्हणजे त्याच्या आईचं काम तुम्ही अंगावर घेतलंत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाऊ यांनी अशा जोडलेल्या कुटुंबांबरोबर अनेक वर्षं काम केलंय. त्यांच्या मांडणीत अशा घरात काही माणसं ‘आतली’ असतात आणि एक ‘बाहेरचं’. आई आणि मुलं आतली, तुम्ही बाहेरचे. यात कुणाचा दोष नाही, घरच तसं बांधलेलं असतं, आणि ते बदलायला महिने नव्हे, वर्षं लागतात. तोवर शिस्त लावायची ती जन्मदात्यांनी. नव्या माणसाने आधी ओळख वाढवायची.

इथून पुढचा परिच्छेद तुमच्या मैत्रिणीला वाचायला द्या.

बाई गं, जाहिरात बंद कर. ‘काका किती छान चालवतात’ हे दर दहा मिनिटांनी ऐकून मलाही कंटाळा आला असता, तुझी मुलं तर तेरा आणि आठची आहेत. स्थळ दाखवायला आणल्यासारखं त्यांना वाटलं असणार. आणि मुलगा फटकन बोलला तेव्हा तू गप्प राहिलीस. मला कळतं गं, तुला बघायचं होतं हा माणूस कसं निभावतो. पण ती परीक्षा घ्यायची जागा नव्हती. ‘असं बोलायचं नाही’ हे तू म्हणायला हवं होतंस, एवढंच, शांतपणे. मग त्याला रागावण्याची वेळच आली नसती. मुलगा आपल्या आईवर रुसला तर तासाभरात विसरतो. व्हॅनकाकांवर रुसला तर दिवाळीपर्यंत धरून बसेल.

झालं. द्या परत त्यांच्याकडे.

माझं सांगते थोडं, नाहीतर म्हणाल ताईंना सांगायला काय जातंय. मी लग्न करून नौपाड्यात आले तेव्हा ह्यांची मुलगी अकरा वर्षांची होती, तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. पहिल्या होळीला मी दिवसभर खपून पुरणपोळ्या केल्या. माझ्या माहेरी पुरणात गुळाबरोबर थोडी साखर घालतात. तिने एक घास खाल्ला, ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, ‘अहो, आमच्याकडे निव्वळ गुळाचं करतात.’ ‘आमच्याकडे’ पण लागलं आणि ‘अहो’ पण. ती मला अहोच म्हणायची. नवरा मला अगं म्हणतोय आणि मुलगी अहो, घरात नक्की कोण कुणाचं हे पाहुण्यांना कळायचं नाही. मी रात्री ह्यांना म्हटलं, काय वाट्टेल ते करून हिला जिंकते की नाही बघा. आणि लागले मागे. फ्रॉक, पुस्तकं, तलावपाळीला घोडागाडी, गडकरी रंगायतनला बालनाट्य. ती सगळीकडे यायची, ‘थँक यू’ म्हणायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची.

दुसऱ्या होळीला मी थकले होते. तिलाच विचारलं, तुमच्याकडचं प्रमाण काय गं? तिला माहीत नव्हतं. तिने तिच्या आजोळी फोन लावला आणि फोनवर विचारून विचारून मला ओट्याशी उभी राहून सांगत गेली. पुरण सैल झालं, पोळ्या फुटल्या, आम्ही चमच्याने खाल्ल्या. यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका, काही झालं नाही. ‘अहो’चं ‘अगं’ झालं ते सातव्या वर्षी, तेही कडाक्याच्या भांडणात. भांडण अर्धवट टाकून मी आत जाऊन रडले. ती घाबरली, तिला वाटलं भांडणामुळे. आई ती मला आजही म्हणत नाही.

तुमचं एका बाबतीत बरं आहे. सावत्र आईची बदनामी आपल्याकडे ध्रुवाच्या सुरुचीपासून चालत आलीय. सावत्र बाप मात्र आपल्या कहाण्यांमध्ये फारसा येतच नाही. पाटी कोरी मिळालीय तुम्हाला.

आणि त्या कोऱ्या पाटीवर धाकट्याने पहिला शब्द लिहून दिलाय, ज्यामुळे तुम्ही हे पत्र लिहायला बसलात. व्हॅनकाका! तुम्हाला त्यात मॅनेजरची शान गेलेली दिसली. जरा त्याच्या बाजूने बघा. नवी मुंबईतल्या आठ वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात व्हॅनकाका म्हणजे कोण? सकाळी ठरलेल्या वेळेला खाली येऊन दोनदा हॉर्न वाजवणारा माणूस. पाऊस असो, परीक्षा असो, येतोच. विसरलेली वॉटरबॅग संध्याकाळी परत आणून देतो. कोण कुठे बसतं, कुणाला गाडी लागते, कुणाची आई उशिरा घरी येते, त्याला ठाऊक असतं. तो ‘मी आवडतो का रे?’ असं कधी विचारत नाही. आणि मुख्य म्हणजे तो मुलांना त्यांच्या घरी पोचवतो, स्वतःच्या घरी नेत नाही. पोराने वॉचमनला ‘हे कुणीतरी आहेत’ असं सांगितलं नाही, ‘आईचे मित्र’ असंही नाही. ‘आमचे’ म्हणाला. मोठ्यांनी नाव ठरवून दिलं नव्हतं, म्हणून त्याने त्याच्या डोक्यातल्या यादीतली सगळ्यात भरवशाची जागा तुम्हाला दिली. मी तुमच्या जागी असते तर पेढे वाटले असते.

तेव्हा आता व्हॅनकाकाचं काम करा. दर दुसऱ्या रविवारी मुलं खारघरला जातात. कोण सोडतं? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे तुम्ही तरी सोडत नाही. त्यांच्या आईला विचारा, ती मुलांना विचारेल आणि बाबांना कळवेल. सगळे हो म्हणाले तर रविवारी वर्तकनगरहून निघा, विटाव्याच्या पुलाखालची गर्दी धरून वेळ ठेवा आणि ऐरोलीला पाच मिनिटं आधी पोचा. गाणी त्यांची, पट्टे सगळ्यांचे. वेळ असेल तर वाशीवरून पाम बीच रोडने जा, थंडीपासून मेपर्यंत सीवूड्सच्या पाणथळीत फ्लेमिंगो असतात. दिसले तर दिसले, गाडी थांबवून माहिती सांगू नका. तुम्ही कर्नाळ्याला किल्ल्याचा इतिहास सांगितलाच असणार, पत्रात लिहायचं टाळलंत तरी मला दिसतंय.

आणि प्रश्न विचारू नका. गाडीची मजा ही की सगळे समोर बघत असतात, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. आठ वर्षांचा मुलगा जेवणाच्या टेबलावर जे बोलणार नाही, ते बेलापूरच्या सिग्नलला बोलून जातो. परतीच्या वाटेवर तर तुम्ही ‘कसा गेला दिवस?’ एवढंही विचारू नका. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना मुलांना थोडा वेळ कुणाचंच नसायचं असतं. तो वेळ त्यांना तुमच्या गाडीत मिळाला तर छानच. बोलली नाहीत तर ट्रॅफिकवर वैतागा, ते चालतं.

खारघरला वर जाऊ नका, खालीच थांबा. बाबा खाली येतील. नमस्कार करा आणि रस्त्याबद्दल बोला. दोन मराठी पुरुष रस्त्यांबद्दल तासभर बोलू शकतात आणि त्यात एकही भावना बाहेर पडत नाही, ही आपल्या समाजाची फार मोठी सोय आहे. कोलाडच्या त्या वळणाबद्दल आभार मानायचे राहिलेत ना? तिथून सुरुवात करा. मुलं लिफ्टपाशी उभी राहून ऐकतील, तुम्ही त्यांच्याकडे बघू नका.

अंगठ्याचं मात्र जपून. तुमच्यासारखा उत्साही माणूस आता खिशात पाच रुपयांची नाणी घेऊन हिंडेल, अशी भीती मला वाटते. नको. तो खेळ त्यांच्या बाबांचा आहे. पुढे कधी कर्नाळ्यावरून गेलात आणि कुणी ‘अंगठा!’ ओरडलं, तर ब्रेक न मारता एवढंच म्हणा : ‘बाबांना फोन कर, पाच रुपये लिहून ठेवायला सांग.’

केरळला तुम्ही जाऊ नका. पैसे बुडतील ते बुडू द्यात, नुकसान कसं लिहून टाकायचं हे विमावाल्याला कोणी शिकवायला नको. चार रात्री, एकच हॉटेल, दिवसभर चौघं एकत्र, वर तुमचं वेळापत्रक. वेळासच्या दुप्पट अवधीचा तोच प्रयोग तुम्ही पुन्हा करणार आहात. आईला आणि मुलांना तिघांनाच जाऊ द्या. लग्नाआधी आईला एकटीला गाठायची मुलांची ती शेवटची मोठी सुट्टी असेल, त्यांना तिच्याशी बरंच बोलायचं असणार, त्यातलं निम्मं तुमच्याबद्दल. तुम्ही ऐरोलीच्या घराच्या किल्ल्या घ्या आणि दोन दिवसांआड कुंड्यांना पाणी घालून या. मेच्या उन्हात तुळस जगवलीत तर घरात शिरायला तेवढं निमित्त पुरे आहे.

कासवांबद्दल मुलीने मारलेला टोमणा उत्तम होता, तिला तसं सांगा. वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये घरट्यांच्या राखणीचं काम सुरू केलं. तिथली गावकरी मंडळीही छातीठोकपणे सांगत नाहीत की उद्या पिल्लं येतील. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात, वाळू किती तापली यावर सगळं अवलंबून. तुम्ही मात्र त्यांना शनिवार सकाळ साडेसहाच्या रकान्यात घातलं असणार. पुढच्या वर्षी जायचं झालंच तर थोरलीला ठरवू द्या, आणि कासवं दिसतील असं कुणालाही कबूल करू नका.

शाळेच्या फॉर्मचं. नाही. वडिलांच्या रकान्यात वडिलांचंच नाव राहील. तुम्ही हिंदू आहात असं धरून सांगते : १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम ६ खाली स्पष्टीकरणच दिलंय की ‘वडील’ आणि ‘आई’ या शब्दांत सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत. म्हणजे लग्न लागल्याने तुम्ही आपोआप मुलांचे पालक होत नाही. दत्तक घेणं हा वेगळा रस्ता, त्याला जन्मदात्या वडिलांची संमती लागते. आणि जो बाप कोलाडचं वळण सांगायला फोन करतो, त्याच्याकडे ती मागायला जाण्याइतके तुम्ही भोळे नसाल. हा प्रश्न मुलांसमोर तर उच्चारूही नका. शाळेत आणखी एक यादी असते, आई येऊ शकली नाही तर मुलाला न्यायला कोण येईल याची. त्यात तुमचं नाव घालायचं का, हे आईला ठरवू दे. मला वाटतं वर्षभराने धाकटाच सुचवेल. व्हॅनकाकांना पाठव म्हणेल.

राहिला ता. क. अत्तराच्या डब्या आणि सुवासिक फवारे आधी फेकून द्या. त्या वासाने तुम्हालाच गाडी लागेल. कव्हर काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. खालच्या सीटवर, विशेषतः शिवणीत आणि पट्ट्याच्या बकलापाशी, खाण्याचा सोडा भरपूर भुरभुरा, रात्रभर राहू द्या, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. दोनदा करावं लागेल. मग चारही दारं उघडी टाकून गाडी दुपारभर उन्हात ठेवा. आणि पिशव्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका, तिथपर्यंत कुणाचा हात पोचत नाही. एक धाकट्याच्या हातात द्या, एक त्याच्या समोरच्या सीटच्या मागच्या खिशात.

— तुमची ताई